छंदाच्या लेझरसाठी पॉवर मीटर निवडताना

गेल्या पावसाळ्यात धायरीला राहणाऱ्या माझ्या पुतण्याने लाकडावर कोरीवकाम करणारे एक लेझर यंत्र घेतले. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत ‘४० वॅट’ असे छापलेले होते आणि पाच मिलिमीटर जाडीचा प्लायवूड एका फेरीत कापला जाईल, अशी त्याची खात्री होती. चार फेऱ्या मारूनही तुकडा सुटेना, तेव्हा यंत्र सदोष निघाले असे समजून तो ते परत पाठवायला निघाला. मी लेझरच्या प्रकाशाची शक्ती मोजणारा माझा पॉवर मीटर घेऊन गेलो, झोत पसरवून सेन्सरवर टाकला आणि आकडा ९.२ वॅटवर स्थिरावला. यंत्र अगदी ठीक होते. खोक्यावरचा आकडा लेझरला पुरवल्या जाणाऱ्या विजेचा होता, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा नव्हता. १२ व्होल्ट आणि साधारण साडेतीन अँपिअर यांचा गुणाकार केला की तो आकडा मिळतो. या वर्गातल्या निळ्या प्रकाशाच्या यंत्रांत साधारण पाच-पाच वॅटचे दोन लेझर डायोड जोडून दहा वॅटच्या आसपास प्रकाश मिळवलेला असतो, त्यामुळे नऊ वॅट म्हणजे यंत्र आपले काम चोख करत होते.

उलट प्रकारही घडतो आणि तो अधिक घातक असतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१३ मध्ये १२२ लेझर पॉइंटर तपासले, तेव्हा हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लाल रंगाच्यांपैकी सुमारे ४४ टक्के पॉइंटर तिथल्या सुरक्षा नियमांत बसत नसल्याचे आढळले. पॉइंटरसाठी तिथली मर्यादा ५ मिलीवॅट आहे. आपल्याकडे २०२३ च्या गणेशोत्सवात मिरवणुकीतल्या लेझर झोतांमुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा या विषयाचे गांभीर्य घराघरांत पोहोचले. लेबलवर विश्वास न ठेवता स्वतः मोजणे हा या छंदाचा पहिला संस्कार असला पाहिजे, असे मी मनापासून मानतो आणि म्हणूनच पुण्यातल्या नवख्या मंडळींसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे विवेचन तिच्यावर उभे आहे: पॉवर मीटर निवडणे म्हणजे सेन्सर निवडणे. पडदा रंगीत आहे की नाही, आकडे दशांशानंतर किती स्थळांपर्यंत दिसतात, मोबाइलला जोडता येतो की नाही, या गोष्टींचा विचार सर्वांत शेवटी करावा.

पहिली पायरी: आपल्या लेझरची कुंडली कागदावर मांडा

दुकानाची किंवा संकेतस्थळाची पायरी चढण्यापूर्वी वहीत चार गोष्टी लिहाव्यात. आपल्या लेझरची तरंगलांबी किती नॅनोमीटर आहे, त्याची जास्तीत जास्त शक्ती किती असू शकेल, त्याचा झोत सलग आहे की स्पंदांच्या स्वरूपात आहे आणि सेन्सरवर पडताना त्या झोताचा आकार किती असेल. छंदाच्या विश्वात प्रामुख्याने पुढील लेझर भेटतात: ४०५ नॅनोमीटरचा जांभळा, ४४५ ते ४५५ नॅनोमीटरचा निळा, ५३२ नॅनोमीटरचा हिरवा, ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल, १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य फायबर लेझर आणि १०,६०० नॅनोमीटरचा, म्हणजे १०.६ मायक्रोमीटरचा, कार्बन डायऑक्साइड लेझर. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ॲक्रिलिक कापून देणाऱ्या कारागिरांकडे हा शेवटचा प्रकार सर्रास दिसतो, तर धातूवर नाव कोरून देणाऱ्याकडे बहुधा फायबर लेझर असतो.

या चार गोष्टींपैकी तरंगलांबी आणि कमाल शक्ती या दोनच बाबी सेन्सरचा प्रकार जवळजवळ ठरवून टाकतात.

दुसरी पायरी: फोटोडायोड की थर्मोपाइल?

फोटोडायोड सेन्सरमध्ये प्रकाशकण सिलिकॉनवर पडतात आणि त्यांच्या प्रमाणात विद्युतप्रवाह निर्माण होतो. हा सेन्सर अतिशय संवेदनशील आणि चपळ असतो. मायक्रोवॅटच्याही खाली तो सहज उतरतो आणि आकडा तत्काळ दाखवतो. मात्र त्याच्या दोन मर्यादा नवख्या माणसाला हमखास फसवतात. पहिली अशी की, सिलिकॉन साधारण ४०० ते ११०० नॅनोमीटर या पट्ट्यातच पाहू शकते. कार्बन डायऑक्साइड लेझरचा झोत त्याला दिसतच नाही. शिवाय या पट्ट्याच्या आतही त्याची संवेदनशीलता सारखी नसते. एक मिलीवॅट लाल प्रकाश जेवढा प्रवाह देतो, त्यापेक्षा एक मिलीवॅट जांभळा प्रकाश बराच कमी प्रवाह देतो. म्हणून अशा मीटरवर तरंगलांबी निवडण्याची सोय असणे अत्यावश्यक आहे आणि प्रत्येक मापनापूर्वी ती निवडायला विसरू नये. दुसरी मर्यादा संपृक्ततेची आहे. झेपेल त्यापेक्षा जास्त प्रकाश पडला की फोटोडायोडचा आकडा वाढायचा थांबतो. मीटर बिघडल्याची कोणतीही खूण दिसत नाही, फक्त खऱ्यापेक्षा कमी आकडा दिसत राहतो. ज्या साधनाकडे आपण सुरक्षिततेसाठी पाहतो, त्यानेच धोका कमी असल्याचे सांगावे, ही स्थिती मला सर्वांत भयावह वाटते.

थर्मोपाइल सेन्सरची रीत निराळी आहे. त्यात एका काळ्या, शोषक थर दिलेल्या चकतीवर झोत पडतो, प्रकाशाची उष्णता होते आणि ती उष्णता चकतीच्या मध्यापासून कडेच्या हीटसिंककडे, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाकडे, वाहू लागते. वाटेत बसवलेल्या अनेक थर्मोकपलच्या, म्हणजे दोन धातूंच्या जोडांच्या, दोन टोकांमधील तापमानाच्या फरकातून व्होल्टेज मिळते आणि ते शक्तीच्या प्रमाणात असते. उष्णतेला रंग नसतो, त्यामुळे योग्य थर असेल तर हा सेन्सर जांभळ्या झोतापासून १०.६ मायक्रोमीटरपर्यंत जवळजवळ सारखाच प्रतिसाद देतो. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते, कारण चांगल्या सेन्सरला स्थिरावायला दोन-तीन सेकंद आणि साध्या सेन्सरला त्याहून बरेच जास्त लागतात. काही मिलीवॅटच्या खालचे मापन त्याच्याकडून नीट होत नाही.

निवडीचे सूत्र त्यातून आपोआप निघते. कमी शक्तीचे पॉइंटर, खगोल निरीक्षणातील संरेखनाचे छोटे लेझर आणि होलोग्राफीचे प्रयोग यांसाठी फोटोडायोड घ्यावा. कोरीवकाम, कापणी आणि अर्ध्या वॅटच्या वरचे जवळजवळ सर्व काही यांसाठी थर्मोपाइल घ्यावा. दोन्ही छंद एकाच घरात नांदत असतील तर एकाच सेन्सरमध्ये दोन्ही कामे बसवण्याचा मोह टाळावा. दहा वॅटच्या सेन्सरवर एक मिलीवॅटचा पॉइंटर मोजणे म्हणजे धान्याच्या वखारीतल्या काट्यावर केशर तोलणे होय.

हिरव्या पॉइंटरविषयी थोडे थांबून

या विषयावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण स्वस्तातला हिरवा पॉइंटर हा बहुतेकांचा पहिला लेझर असतो. त्यात ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश निघतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतो. शेवटी अवरक्त प्रकाश अडवणारा छोटा फिल्टर असायला हवा, पण खर्च वाचवण्यासाठी तो अनेकदा वगळलेला असतो. एनआयएसटीने २०१० मध्येच या धोक्याची तांत्रिक नोंद प्रसिद्ध केली होती. अवरक्त प्रकाश डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटण्याची नैसर्गिक प्रतिक्रिया होत नाही आणि इजा मात्र होऊ शकते.

आता मीटर काय सांगेल ते पाहा. थर्मोपाइल हिरवा आणि अवरक्त यांची बेरीज दाखवेल. उघडा सिलिकॉन फोटोडायोड ५३२ नॅनोमीटरवर लावलेला असेल, तर ८०८ नॅनोमीटरचा गळणारा प्रकाश तो हिरवा समजून दीडपटीहून जास्त मोजेल. माझ्याकडच्या एका पॉइंटरने फोटोडायोडवर ६१ मिलीवॅट दाखवले, पण सेन्सरसमोर अवरक्त अडवणारी काच धरताच आकडा ३४ वर आला. त्या काचेत थोडा हिरवा प्रकाशही अडतो, हे गृहीत धरले तरी बराच मोठा वाटा अदृश्य होता, हे स्पष्ट झाले. हिरव्या लेझरसाठी मीटर घेणाऱ्याने त्याच खरेदीत अवरक्त रोखणारा फिल्टर घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. असा पॉइंटर गच्चीवरून आकाशात रोखू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. लोहगावला उतरणारी विमाने पुण्याच्या डोक्यावरूनच जातात आणि वैमानिकाच्या डोळ्यांवर पडलेला क्षणभराचा झोतही गंभीर ठरू शकतो.

तिसरी पायरी: शक्तीची घनता तपासा

सेन्सरवर ‘१० वॅट’ लिहिलेले असले म्हणजे दहा वॅटचा कोणताही झोत त्यावर चालतो, असा समज करून घेऊ नये. सेन्सर एकूण शक्तीने जेवढा खराब होतो, त्याहून अधिक वेळा तो घनतेने जळतो. एक हिशेब करून पाहू. पाच वॅटचा निळा झोत ०.१ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर केंद्रित केला, तर घनता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६४,००० वॅट होते. तोच झोत दहा मिलिमीटर व्यासापर्यंत पसरवला, तर घनता साडेसहा वॅटपेक्षा कमी भरते. शक्ती तीच, फरक दहा हजारपट. म्हणून माहितीपत्रकात कमाल शक्तीच्या शेजारी कमाल घनताही दिलेली आहे ना, हे पाहावे आणि ती मुळीच दिलेली नसेल तर त्या मीटरवर उधळपट्टी करू नये.

घनतेचा प्रश्न सेन्सरच्या आकाराशीही जोडलेला आहे. जास्त शक्तीच्या निळ्या डायोडचा झोत गोल नसून पट्टीसारखा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फिकट पंख असतात. सेन्सरचे तोंड लहान असेल तर हे पंख बाहेर राहतात आणि मीटर कमी आकडा दाखवतो. झोताने सेन्सरच्या तोंडाचा साधारण तिसरा ते निम्मा भाग व्यापावा, अशा बेताने आकार निवडावा. कमाल शक्तीबाबत माझा नियम असा की, आपल्या लेझरची अपेक्षित शक्ती सेन्सरच्या मर्यादेच्या वीस ते ऐंशी टक्क्यांमध्ये बसावी.

फायबर लेझर असलेल्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. त्याचा झोत सूक्ष्म स्पंदांनी बनलेला असतो. सरासरी २० वॅट शक्ती सेकंदाला २०,००० स्पंदांत विभागली, तर प्रत्येक स्पंदात एक मिलीज्यूल ऊर्जा येते आणि तो स्पंद १०० नॅनोसेकंदांचा असेल तर त्या क्षणाची शक्ती १०,००० वॅटपर्यंत जाते. अशा झोतासाठी फोटोडायोड निरुपयोगी ठरतो, आणि थर्मोपाइलही स्पंदांसाठीची मर्यादा छापलेलाच घ्यावा.

चौथी पायरी: नवा, जुना की घरी बनवलेला

ओफिर, थोरलॅब्ज, कोहेरंट आणि जेन्टेक या व्यावसायिक उत्पादकांचे सेन्सर सर्वोत्तम असतात, पण मीटर आणि सेन्सर मिळून नव्याने घेतले तर खर्च सहज लाखाच्या घरात जातो. थोरलॅब्जचा एस१२१सी हा फोटोडायोड सेन्सर ४०० ते ११०० नॅनोमीटरसाठी आणि ५०० मिलीवॅटपर्यंत आहे, यावरून या वर्गातल्या साधनांची कल्पना यावी. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच हिशेब करावा, नाहीतर ऐन वेळी खिशाला मोठी चाट बसते.

जुन्या बाजारात चांगला माल मिळतो, पण तिथे डोळे उघडे ठेवावे लागतात. मी एकदा छायाचित्रावर भरवसा ठेवून एक थर्मोपाइल मागवला. विक्रेत्याने ‘किरकोळ वापरलेला’ असे कळवले होते. खोके उघडून विजेरीचा उजेड तिरपा टाकला, तेव्हा काळ्या थराच्या बरोबर मध्यभागी ज्वारीच्या दाण्याएवढा राखाडी डाग दिसला आणि डागाच्या कडेला थराचे पोपडे सुटलेले होते. झोत डागावर धरला की आकडा बाजूच्या जागेपेक्षा अकरा टक्क्यांनी कमी यायचा. तेव्हापासून मी जुन्या सेन्सरचे तिरप्या उजेडातले छायाचित्र मागतो आणि हाती आल्यावर लहान झोत पृष्ठभागावर पाच ठिकाणी फिरवून पाहतो. आकड्यांत दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर तो परत करतो. अनेक सेन्सरांच्या प्लगमध्येच कॅलिब्रेशनची, म्हणजे आकडा प्रमाण मापाशी जुळवून घेतल्याची, माहिती साठवलेली असते. त्यामुळे एका उत्पादकाचा सेन्सर दुसऱ्याच्या मीटरला जोडता येत नाही आणि प्लग कापून नवा लावलेला सेन्सर घेण्यात अर्थ नसतो.

तिसरा मार्ग स्वतः बनवण्याचा आहे आणि विद्यार्थ्यांसाठी तो मला फार आवडतो. बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा तपकीर गल्लीत, ४० मिलिमीटर बाजूचे टीईसी१-१२७०६ हे पेल्टिअर मॉड्यूल, म्हणजे दोन बाजूंच्या तापमानातील फरकातून व्होल्टेज देणारी चकती, सहज मिळते. ते एका जाड हीटसिंकवर औष्णिक पेस्टने बसवावे, वरच्या बाजूला उष्णता सोसणारा काळा मॅट रंग द्यावा आणि त्याच्या दोन तारा मल्टिमीटरला मिलीव्होल्टवर जोडाव्यात. मग वरच्या पृष्ठभागावर दहा ओहमचा, निदान पाच वॅट क्षमतेचा रेझिस्टर घट्ट टेकवून त्याला पाच व्होल्ट द्यावेत. रेझिस्टरमध्ये अडीच वॅट उष्णता निर्माण होते. मल्टिमीटरचा आकडा मिनिटभर स्थिर राहिला की तो लिहावा, मग दुसऱ्या व्होल्टेजवर पुन्हा करावे आणि दोन्हींवरून दर वॅटला किती मिलीव्होल्ट हे काढावे. रेझिस्टरची काही उष्णता हवेत जाते आणि रंग सगळा प्रकाश शोषत नाही, त्यामुळे या घरगुती मीटरवर दहा टक्क्यांच्या आत भरवसा ठेवू नये. मात्र आपला लेझर पाच वॅटचा आहे की दहाचा, एवढे तो स्पष्ट सांगतो.

कार्बन डायऑक्साइड लेझरवाल्यांसाठी याहूनही सोपी पद्धत आहे. २०० ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला काळे ॲनोडायझिंग करून घ्यावे, बाजूला बारीक छिद्र पाडून त्यात थर्मामीटरचे टोक बसवावे आणि केंद्रित न केलेला झोत त्यावर मोजून २० सेकंद सोडावा. एक ग्रॅम ॲल्युमिनियमचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ०.९ ज्यूल लागतात. तापमान ४ अंशांनी वाढले, तर ७२० ज्यूल शोषले गेले, म्हणजेच शक्ती सुमारे ३६ वॅट आहे. थर्मामीटर दशांश अंशापर्यंत दाखवणारा हवा, नाहीतर हा हिशेब कुचकामी ठरतो. या लेझरच्या नळीला हजारो व्होल्टचा दाब असतो, म्हणून मापनासाठी नळीचा कप्पा कधीही उघडू नये.

पाचवी पायरी: अचूकतेचा दाखला मागा

व्यावसायिक सेन्सर साधारण तीन ते पाच टक्के अचूकता देतात आणि छंदासाठीच्या मीटरमध्ये पाच ते दहा टक्के मान्य करायला हरकत नाही. मात्र अचूकता कोणत्या तरंगलांबीला आणि कोणत्या शक्तीला दिली आहे, हे विचारावे. कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रावर तारीख, वापरलेला संदर्भ सेन्सर आणि राष्ट्रीय मानकापर्यंतची साखळी नमूद असावी. भारतात मापनाची राष्ट्रीय मानके दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सांभाळली जातात. ज्यांना प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही, त्यांनी ओळखीच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात विनंती करून पाहावी. तिथला ६३२.८ नॅनोमीटरचा हेलियम-निऑन लेझर तापल्यानंतर बऱ्यापैकी स्थिर असतो आणि त्यांच्या मीटरशेजारी आपला फोटोडायोड ठेवून तुलना करता येते.

सहावी पायरी: पहिले मापन

मीटर हाती आल्यावर घाई करू नये. आपल्या लेझरच्या तरंगलांबीसाठीच बनवलेला चष्मा प्रथम डोळ्यांवर चढवावा. चष्म्यावर ‘ओडी ४’ (ओडी म्हणजे प्रकाश अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) लिहिलेले असेल तर त्याच्यातून प्रकाशाचा दहा हजारावा भाग आत येतो, म्हणजे पाच वॅटचे अर्धा मिलीवॅट होतात, पण ते त्याच तरंगलांबीला लागू असते. यंत्राबरोबर फुकट आलेल्या, कसलाही आकडा न छापलेल्या हिरव्या चष्म्यावर मी डोळे सोपवणार नाही. खोलीत लहान मुले नसावीत आणि आरसे व स्टीलची भांडी उचलून ठेवावीत. सेन्सर किंचित तिरपा ठेवावा, म्हणजे परावर्तित प्रकाश लेझरमध्ये परत न जाता मागे ठेवलेल्या विटेवर पडेल.

थर्मोपाइल असेल तर छताचा पंखा बंद करावा. कोथरूडच्या माझ्या खोलीत पंखा तिसऱ्यावर असताना दोन वॅटचा आकडा सतत ४० ते ५० मिलीवॅट खाली-वर हलत असे आणि पंखा थांबताच तो शांत झाला. सेन्सर हाताने उचलला असेल तर तळहाताची ऊबही आकड्यात दिसते, म्हणून तो ठेवून काही मिनिटे थांबावे आणि मगच शून्यावर आणावा. झोत पसरवून मध्यभागी घ्यावा, दहा सेकंदांनी, एका मिनिटाने आणि पाच मिनिटांनी असे तीन आकडे लिहावेत. डायोड तापला की त्याची शक्ती उतरते आणि एप्रिल-मेच्या दुपारी पुण्यात ती उतरण हिवाळ्यापेक्षा ठळक दिसते, त्यामुळे आकड्याशेजारी खोलीचे तापमानही लिहावे.

काम झाल्यावर सेन्सरचे झाकण लावून तो सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावा. जून ते सप्टेंबर या काळात पुडी महिन्याला बदलावी. काळा थर कापडाने पुसू नये, धूळ केवळ रबरी फुग्याच्या हवेने उडवावी. आणि आपल्याकडचा एखादा साधा, कमी वापरातला लेझर केवळ तुलनेसाठी राखून ठेवावा. दर सहा महिन्यांनी त्याच अंतरावर, त्याच तापमानाला तो मोजला आणि आकडा पाच टक्क्यांहून जास्त सरकलेला दिसला, तर आधी लेझरची बॅटरी व भिंग तपासावे आणि त्यानंतरच सेन्सर कॅलिब्रेशनला पाठवावा.